पडद्याच्या ऑपरेशननंतर डोळा लांब का होतो, आणि दुसऱ्या एका ऑपरेशनने आखूड कसा होतो?

फोंड्याहून एका दादांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या बायकोच्या, वय ३४, उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. सहा आठवड्यांपूर्वी डोळ्याला बाहेरून सिलिकॉनचा बेल्ट बांधून ऑपरेशन झालं, पडदा नीट बसला. आधी दोन्ही डोळ्यांना मायनस २.५ होता, आता उजव्याला मायनस ५.७५ निघतोय, आणि चष्म्याच्या दुकानात सांगितलं की बेल्टमुळे डोळा लांब झालाय. घरात बहिणीचा मुलगाही आहे, वय १३, नंबर मायनस ९, आणि त्याच्यासाठी कुणीतरी सुचवलं की डोळ्याच्या मागून पट्टी बांधतात म्हणजे लांबी वाढायची थांबते. तर दादा विचारतात की एकाला बांधलं की डोळा लांब आणि दुसऱ्याला बांधलं की आखूड हे कसं काय, डॉक्टरांनी काही चुकवलं का, आणि बेल्ट काढला तर नंबर परत जागेवर येईल का.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, २३ वर्षं झाली, त्यातली बरीचशी पडद्याच्या डॉक्टरांच्या हाताखाली गेली. ऑपरेशन मी करत नाही, मी डोळा मोजते, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, त्यामुळे बेल्टने लांबीचं काय होतं ते आकड्यांत रोज समोर बघितलंय. पण वहिनींचा डोळा मी बघितलेला नाही, बेल्ट किती रुंद, किती आवळला, कुठल्या जागी टाके घातले, आतलं पाणी काढलं की नाही हे मला माहीत नाही, आणि उत्तर बऱ्यापैकी त्यावरच अवलंबून आहे. सर्जनना काय विचारायचं ते खाली लिहिलंय, तेवढं टिपून घ्या.

आधी पहिली गोष्ट, कारण तुमच्या लिहिण्यात ती भीती दिसतेय. नुसता मायनस वाढला म्हणजे चूक झाली असं नाही. बेल्ट बांधल्यावर मायनस वाढणं हा त्या ऑपरेशनचा नेहमीचा परिणाम आहे, तो ऑपरेशनच्या आधी कोणी समजावून सांगितला नाही हे मात्र वाईट झालं, सांगायला हवा होता. मी स्वतः आता पेशंटला बाकावर बसवून आधीच सांगते की बाई, पडदा बसेल पण चष्म्याचा नंबर दोन-तीनने बदलेल, तयारी ठेवा.

आता लांबीचं. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेपासून (कॉर्निया) मागच्या पडद्यापर्यंत, साधारण २३.५ ते २४ मिलिमीटर असतो. जन्मलेल्या बाळाचा १७ च्या आसपास. या लांबीत १ मिलिमीटर फरक पडला की नंबर अडीच-तीनने हलतो, आणि हे कळलं की बाकीचं अर्धं आपोआप कळतं. १ मिलिमीटर म्हणजे काय हो, दोन नखांच्या जाडीइतकं जेमतेम, पण डोळ्यात तेवढ्याने माणूस समोरच्याचा चेहरा ओळखेनासा होतो.

बाहेरची जी पांढरी भिंत, डोळ्यात आपल्याला दिसते तीच, तिला स्क्लेरा म्हणतात. ती सगळीकडे सारखी जाड नाही. मागे, मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या बाजूला, साधारण १ मिलिमीटर, मधे कमरेला त्याच्या निम्मी, आणि जिथे डोळा फिरवणारे स्नायू चिकटतात त्याच्या मागे तर फक्त ०.३ मिलिमीटर. सर्जन सुई घालतो ती या एवढ्याशा जाडीच्या आतून, आरपार न जाता. मी ऑपरेशन टेबलाच्या बाजूला उभी राहून बघितलंय, श्वास रोखला जातो.

आता घरी एक करून बघा. पाण्याने भरलेला फुगा घ्या, टम्म नको, थोडा सैल. त्याच्या कमरेला रबर बँड घाला. फुगा दोन्ही टोकांना बाहेर येतो, लांबोळा होतो, कारण पाणी तर दाबलं जात नाही, मधून जागा गेली की ते दोन्ही बाजूंना पळतं. वहिनींच्या डोळ्याचं हेच झालंय. बेल्ट बांधतात तो डोळ्याच्या कमरेवर, किंवा थोडा पुढे, तिथे भिंत आत दाबली जाते आणि डोळा पुढे-मागे ताणला जातो. आता तोच फुगा, बँड काढा, आणि मागच्या टोकाला अंगठा लावून पुढे दाबा. लांबी कमी झाली, आणि पोट बाजूंनी फुगलं. भाच्यासाठी जे ऑपरेशन सांगितलंय ते या दुसऱ्या जातीचं. म्हणजे भिंत तीच, पट्टीही दोन्हीकडे पट्टीच, फक्त दाब कुठे पडतो ते वेगळं. कमरेला दाबलं तर लांब, ढुंगणाला दाबलं तर आखूड, असं आमचे एक सर सरळ भाषेत शिकवायचे, आणि मी तेच शिकाऊ मुलांना सांगते कारण ते विसरता येत नाही.

किती आवळलं की किती दाब येतो हेही सोपं गणित आहे. २४ मिलिमीटरच्या डोळ्याचा घेर ७५ मिलिमीटर. बेल्ट त्यापेक्षा सहा-सव्वासहा मिलिमीटर आखूड केला की भिंत चहुबाजूंनी १ मिलिमीटर आत जाते. घेराच्या दहावा हिस्सा आवळला तर १.२ मिलिमीटर आत. एवढ्याने लांबी साधारण १ मिलिमीटरने वाढते, कुणाची अर्धा, कुणाची दीड, आणि नंबर दोन ते तीनने मायनसकडे जातो. माझ्या वहीतले आकडे बहुतेक याच पट्ट्यात पडतात.

इथे एक गंमत वाटावी अशी गोष्ट आहे, पण ती खरी आहे आणि पुष्कळांना पटत नाही. बेल्ट फारच घट्ट आवळला, भिंत खोल आत गेली, तर लांबी वाढायची थांबते आणि उलट कमी व्हायला लागते. कारण भिंत काही रबराची नाही, तिचं कापड मर्यादित आहे, कमरेला खोल घडी पडली की ते कापड घडीत जातं आणि पुढचं-मागचं टोक एकमेकांकडे ओढलं जातं, तांदळाच्या पोत्याला मधोमध दोरी करकचून बांधली की पोतं बुटकं होतं तसं. आजकाल एवढं घट्ट कुणी सहसा बांधत नाही, रक्तपुरवठा बिघडतो, दुखतं, म्हणून हलका बेल्टच बांधतात. आणि पूर्ण गोल बेल्ट नसून नुसता एका जागी स्पंजचा तुकडा शिवला असेल तर लांबीत फार फरक पडत नाही, पण भिंत एका बाजूनेच दाबली जाते म्हणून तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, येऊ शकतो. तेव्हा सर्जनना विचारायचं ते हेच, पूर्ण गोल बेल्ट आहे का तुकडा, आणि किती रुंद.

पण वहिनींचा फरक सव्वातीनचा आहे, आणि तो सगळा लांबीचा असेल असं मला वाटत नाही. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे डोळ्याच्या आत सूज असते, त्यामुळे भिंगाच्या मागची जागा भरते आणि भिंग थोडं पुढे ढकललं जातं, नुसत्या तेवढ्यानेही मायनस वाढतो. ही सूज उतरते. म्हणून सहा आठवड्यांच्या नंबरवर चष्मा करून घ्यायची घाई नको. मी कमीत कमी ३ महिने थांबवते, मधल्या काळात अगदीच अडत असेल तर जुन्या फ्रेममधे तात्पुरती स्वस्त काच. तुमच्या दुकानदाराने डोळा लांब झालाय हे बरोबर सांगितलं, पण सहा आठवड्यांत महागाची पातळ काच बनवायला घेतली असेल तर ऑर्डर थांबवा.

आता तुम्ही म्हणाल की मग लांबी मोजू, ऑपरेशनच्या आधीच्या फाईलमधे आकडा आहे. थांबा. पडदा सुटलेला असताना, विशेषतः मधला भाग, ज्याने आपण वाचतो तो, सुटला असेल, तर मशीन कधी कधी त्या उचललेल्या पडद्यापर्यंतच मोजतं आणि डोळा आहे त्यापेक्षा आखूड दाखवतं. मग नंतरचा आकडा वजा केला की वाढ भलतीच मोठी दिसते आणि माणूस घाबरतो. अशा वेळी दुसऱ्या डोळ्याची लांबी मोजा, वहिनींचे दोन्ही नंबर आधी सारखे होते म्हणजे लांब्याही जवळपास सारख्याच असणार. शिवाय दोन्ही मोजमापं एकाच प्रकारच्या मशीनवर हवीत. जुन्या अल्ट्रासाउंडचं टोक डोळ्याला टेकवून मोजतात त्यात काच किंचित दाबली जाते आणि ०.१ ते ०.३ मिलिमीटर कमी येतं, उजेडाच्या किरणांनी मोजणाऱ्या मशीनमधे डोळ्याला हात लागत नाही. एकाचा आकडा दुसऱ्यातून वजा केला की चूक होणारच.

बेल्ट काढण्याबद्दल मी थोडी आग्रहाने लिहिते. नुसत्या नंबरसाठी बेल्ट काढू नका. बेल्ट काढतात ते पू झाला, बेल्ट पापणीखालून बाहेर डोकावायला लागला, सतत दुखतंय, किंवा एकाचे दोन दिसायचे थांबत नाहीत अशा कारणांनी. काढल्यावर लांबी थोडी परत येते, पूर्ण येईल याची खात्री नाही, कारण भिंत त्या आकारात बसून गेलेली असते. आणि पडदा पुन्हा सुटायचा धोका राहतो, तो किती हे पडद्याला पडलेलं छिद्र कुठे होतं आणि त्याभोवती पडदा चिकटवून ठेवणारा डाग किती पक्का बसलाय यावर. तीन नंबर चष्म्याने जातात दादा, सुटलेला पडदा चष्म्याने बसत नाही.

मग बेल्टच का, आतून ऑपरेशन का नाही केलं, हे पण तुमच्या मनात असेल, बऱ्याच जणांच्या असतं, आणि हल्ली आतून करायच्या ऑपरेशनचं नाव जास्त ऐकू येतं. तरुण माणसाच्या डोळ्यातली जेली घट्ट असते आणि पडद्याला चिकटलेली असते, ती आतून काढायला जाणं त्रासाचं, आणि ती काढली की मोतीबिंदू लवकर यायची शक्यता वाढते. ३४ व्या वर्षी स्वतःचं भिंग शाबूत ठेवणं ही मोठी गोष्ट आहे, जवळचं वाचायला फोकस बदलतो तो त्या भिंगामुळे. सर्जननी बहुतेक हाच विचार केलाय आणि मला तो बरोबर वाटतो.

या बेल्टमागचा इतिहास पण सांगते, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं मूळ आहे. १९०३ मधे लिओपोल्ड म्युलर नावाच्या डॉक्टरांनी पडदा सुटलेल्या डोळ्यांत भिंतीचीच पट्टी कापून काढली आणि कडा शिवल्या, म्हणजे डोळाच लहान केला. विचार असा की डोळा ताणून मोठा झालाय, पडदा पुरत नाही, तर भिंत पडद्याच्या मापाची करू. म्हणजे भिंतीवर ऑपरेशन करून डोळा आखूड करणं ही कल्पना बेल्टपेक्षा जुनी आहे. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनिन यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की मूळ दुखणं पडद्याला पडलेलं छिद्र आहे, ते बंद केलं की पडदा बसतो. १९४९ मधे जर्मनीच्या कुस्टोडिस यांनी भिंत न कापता बाहेरून तुकडा शिवून ती छिद्राखाली आत दाबली, आणि १९५० च्या दशकात बोस्टनला शेपेन्स यांनी पूर्ण गोल बांधायची पद्धत रुजवली. वहिनींचा बेल्ट या घराण्यातला. तो भिंत पडद्याच्या जवळ नेतो, छिद्र टेकतं, आणि जेली पडद्याला ओढत असते ती ओढ सैल पडते. लांबी वाढणं हा त्याचा सोबत येणारा खर्च.

शेपेन्स यांनीच १९५७ मधे पट्टी मागे, पडद्याच्या मधल्या भागाच्या बरोब्बर खाली ठेवायची पद्धत पण मांडली. खूप मोठ्या मायनसच्या डोळ्यात मागची भिंत पातळ होऊन बाहेर फुगते, पडदा त्या खड्ड्यावर ताणला जातो, फाटतो, तिथे हा आधार मागून पुढे ढकलतो. यात लांबी २ मिलिमीटर किंवा जास्तही कमी होऊ शकते, आणि नंबर मायनसकडून प्लसच्या दिशेने येतो. एका बाईंची अशी लांबी मी मोजलीय, ऑपरेशनच्या आधी ३०.४, नंतर २८.१, आणि मशीन बिघडलंय असं वाटून मी तीनदा मोजली होती.

आता तुमचा भाचा. त्याला सांगितलेलं ऑपरेशन म्हणजे मागच्या भिंतीला आधार देणं. १९३० मधे रशियात शेव्हेलेव्ह यांनी मांडीच्या स्नायूंवरच्या मजबूत आवरणाची पट्टी वापरायची कल्पना मांडली, नंतर पद्धत सोपी झाली, दान केलेल्या डोळ्याच्या भिंतीची एक लांब पट्टी स्नायूंच्या खालून डोळ्याच्या मागून फिरवून दोन्ही टोकं पुढे शिवतात, झोळीत नारळ धरावा तसा डोळा धरला जातो. रशिया आणि चीनमधे हे जास्त होतं, बाकी ठिकाणी तुरळक. यात डोळ्याची नस दाबली जाणं, मागच्या मोठ्या शिरांना इजा, रक्तस्राव, एकाचे दोन दिसणं असे धोके आहेत. आणि मुख्य म्हणजे यातून चष्मा जात नाही. थोडी लांबी कमी झाली तर झाली, हेतू पुढचं ताणणं थांबवायचा असतो. मायनस ९ चा मायनस २ होईल असं कुणी सांगितलं असेल तर तिथून उठा.

तेरा वर्षांच्या पोराला मी लगेच त्या वाटेला पाठवणार नाही. आधी त्याची लांबी मोजा, २७ च्या आसपास असेल असा अंदाज, पण अंदाजावर जाऊ नका. मग सहा महिन्यांनी त्याच मशीनवर परत. नंबर नसलेल्या मुलाचा डोळा या वयात वर्षाला ०.१ मिलिमीटर किंवा कमी वाढतो, मायनस वाढणाऱ्या मुलाचा ०.३ पर्यंत. नंबरपेक्षा ही लांबीच खरं सांगते. कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, ०.०१ ते ०.०५ टक्क्यांचे, आणि कडेने वेगळा फोकस देणाऱ्या खास काचा, वाढ मंदावण्यासाठी हे असतं, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला, अर्थात मायनस ९ ला त्यांचा उपयोग मायनस २ वाल्याइतका होईल असं नाही. रोज दोन तास बाहेरच्या उजेडात खेळू द्या, आपल्याकडे मैदानं आहेत, फुटबॉल तर गल्लीत आहे, फक्त एवढ्या नंबरच्या डोळ्याला तोंडावर बॉल लागता कामा नये, खेळताना संरक्षक चष्मा घाला. उजेडाचा फायदा नंबर लागू नये म्हणून जास्त आणि लागलेला थांबवायला कमी, पण नुकसान काही नाही.

आणि एक गोष्ट जी मला तुमचा मजकूर वाचताना खटकली. तेराव्या वर्षी मायनस ९ हा साधा नंबर नसू शकतो. त्याची बोटं खूप लांब आहेत का, सांधे सैल आहेत का, लहानपणी टाळूचं काही ऑपरेशन झालंय का, कमी ऐकू येतं का, कुणाचा पडदा लहान वयात सुटलाय का, हे बघा. मार्फान आणि स्टिकलर नावाचे आनुवंशिक विकार असतात, त्यात शरीरातला जोडणारा धागाच कमकुवत असतो आणि डोळा लांब हे त्यातलं फक्त एक लक्षण. त्याचा पडदा बाहुली मोठी करून कडेपर्यंत तपासून घ्या, लांबच्या ऑपरेशनच्या चौकशीआधी हे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डोळ्यांचा विभाग आहे, तिथून सुरुवात करता येईल.

लेझरने नंबर काढायचं पण दोघांसाठी मनात असेल. लेझर पुढच्या काचेला आकार देतं, डोळ्याची लांबी तेवढीच राहते, पडद्यावरचा ताण तेवढाच राहतो. चष्मा गेला म्हणून पडद्याची तपासणी बंद करणारे लोक बघितलेत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

परत वहिनींकडे. तीन महिन्यांनंतरही दोन डोळ्यांत तीनचा फरक राहिला तर चष्म्यात दोन डोळ्यांना दोन वेगळ्या मापाची चित्रं दिसतात, जिना उतरताना पाऊल चुकतं, डोकं दुखतं. काहींना सवय होते, काहींना नाही. मग सर्जननी परवानगी दिली की त्या एका डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स हा चांगला उपाय. लेन्स घालून विहिरीचं पाणी, नदी, समुद्र यात डोकं घालायचं नाही, हे आपल्या भागात वेगळं सांगावं लागतं.

आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला स्टुलावर चढू का असं त्यांनी विचारलंय म्हणे, तर पडदा बसलाय आणि डॉक्टरांनी वर बघायला मना केलं नसेल तर चालेल, पण दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असताना उंचीचा अंदाज फसतो, यंदा दुसऱ्या कुणाला चढू दे. अचानक काळे ठिपके, चमक, बाजूने सावली, किंवा डोळा लाल होऊन पू, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

शेवटची गोष्ट वीस-पंचवीस वर्षांनंतरची आहे पण आत्ताच करायची. मी नवीन असताना, ज्या हॉस्पिटलात होते तिथे एका माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आत बसवायच्या लेन्सची ताकद काढायला फाईलमधला जुना लांबीचा आकडा घेतला गेला, बेल्टच्या आधीचा. बेल्टने डोळा १ मिलिमीटर लांब झालेला कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि त्या माणसाला मायनस २.७५ राहिला. तो काहीच बोलला नाही, मला अजून आठवतो. तसंच पडदा बसवायला डोळ्यात सिलिकॉन ऑइल भरलं असेल तर अल्ट्रासाउंड फसतं, आवाज डोळ्यातल्या पाण्यात सेकंदाला १५३२ मीटर जातो आणि तेलात ९८० च्या आसपास, मशीनला तेल आहे हे सांगितलं नाही तर १६ मिलिमीटरची जागा २५ ची दाखवतं.

म्हणून वहिनींच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, उजव्या डोळ्याला बेल्ट, तारीख, आणि त्याखाली ३ महिन्यांनी मोजलेली दोन्ही डोळ्यांची लांबी, कुठल्या मशीनवर मोजली ते. भाच्याचं वेगळं पान करा, सहा महिन्यांनी दुसरा आकडा येईल. दोन्ही आकडे हातात आले की मला पाठवा, नंबरासकट, मी बघून सांगते.